बी-टू पातळीनंतरचे इंग्रजी: शब्द आणि वाक्प्रचार कसे शिकावेत

इंग्रजी वर्तमानपत्र बऱ्यापैकी समजते, बैठकीत आपले म्हणणे मांडता येते, ईमेल कोणाकडून तपासून न घेता पाठवता येतो. तरीही आपलाच मजकूर वाचताना तो शाळेतल्या निबंधासारखा वाटतो आणि इंग्रजी मातृभाषा असलेली दोन माणसे आपसात बोलू लागली की थोड्याच वेळात धागा सुटतो. कौन्सिल ऑफ युरोपने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या भाषा-पातळ्यांच्या आराखड्यात ए-वनपासून सी-टूपर्यंत सहा पायऱ्या आहेत आणि त्यांतली चौथी, म्हणजे बी-टू, ही साधारणपणे अशाच शिकणाऱ्याची पायरी आहे. येथवर येईपर्यंत व्याकरणाचा मुख्य भाग पदरात पडलेला असतो आणि पुढची वाटचाल बव्हंशी शब्दांवर अवलंबून राहते. मात्र ती नवनवे शब्द पाठ करून होईल ही समजूत अर्धवट आहे, कारण या पायरीवरचे बरेचसे काम आधीच तोंडओळख असलेल्या शब्दांवर करायचे असते.

आधी आवाका पाहावा. कादंबरी किंवा वर्तमानपत्र कोशाशिवाय सुखाने वाचायचे, म्हणजे शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे असायचे, तर आठ ते नऊ हजार शब्दकुळे माहीत असावी लागतात, असा हिशेब भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांनी २००६ साली मांडला. शब्दकुळ म्हणजे एक मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपे. हा पल्ला मोठा असल्यामुळे निवड केल्याशिवाय गत्यंतर नाही. केंब्रिजच्या ऑनलाइन कोशात अनेक शब्दांच्या अर्थांपुढे पातळी छापलेली असते. ऑक्सफर्डच्या पाच हजार शब्दांच्या यादीत बी-टू आणि सी-वन पातळीचे दोन हजार शब्द वेगळे काढलेले आहेत. आणि परदेशी विद्यापीठात जाणाऱ्यांसाठी ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली तयार केलेली ५७० शब्दकुळांची यादी अजूनही उपयोगी आहे. या याद्या शब्द घ्यावा की सोडावा हे ठरवण्यासाठी वापराव्यात, वरून खाली पाठ करण्यासाठी नव्हे. एखादा अनोळखी शब्द दोन वेगवेगळ्या ठिकाणी भेटला किंवा अशा यादीत सापडला तर तो वहीत घ्यावा, नाहीतर संदर्भाने अर्थ लावून पुढे वाचत राहावे.

आता ओळखीच्या शब्दांकडे वळू. मराठीत पाऊस जोराचा, वारा जोराचा आणि भूकही जोराची लागते. इंग्रजीत मात्र पाऊस ‘हेवी’ असतो, वारा ‘स्ट्राँग’ असतो आणि भुकेची तीव्रता सांगायला ‘स्टार्व्हिंग’ हा वेगळाच शब्द येतो. ‘हेवी’ आणि ‘स्ट्राँग’ हे दोन्ही शब्द शाळेतच शिकलेले असतात. ते कोणाच्या शेजारी बसतात एवढेच शिकायचे राहिलेले असते. शब्दाची ओळख त्याच्या सोबत्यांवरून होते, या अर्थाचे ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांचे १९५७ सालचे वाक्य या क्षेत्रात सतत उद्धृत केले जाते. मराठी माणसाच्या इंग्रजीत ही चूक विशेषतः क्रियापदांत होते: परीक्षा ‘दिली’ म्हणून ‘गिव्ह ॲन एक्झाम’, स्वप्न ‘पाहिले’ म्हणून ‘सी अ ड्रीम’. पहिल्या ठिकाणी ‘टेक’ किंवा ‘सिट’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘हॅव’ हवे. व्याकरणाच्या पुस्तकात याला नियम नसल्यामुळे या जोड्या एकेक करूनच शिकाव्या लागतात.

त्यासाठी कोश बदलावा लागतो. इंग्रजी-मराठी कोश अर्थ झटकन सांगतो, पण शब्द वापरायचा कसा हे त्यातून क्वचितच कळते. बी-टूपासून शिकणाऱ्यांसाठी रचलेला इंग्रजी-इंग्रजी कोश हाताशी असावा. या परंपरेतला सर्वांत प्रसिद्ध कोश जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनी सहकाऱ्यांसह तयार केला. तो प्रथम १९४२ साली तोक्योत आणि पुढे १९४८ साली ऑक्सफर्डतर्फे निघाला. १९८७ साली आलेल्या कोबिल्ड कोशाने अर्थ पूर्ण वाक्यांत देण्याची प्रथा पाडली, त्यामुळे शब्दाचा कर्ता माणूस असतो की वस्तू, हे व्याख्येतच दिसते. कोशातली नोंद वाचताना अर्थावर थांबू नये; त्याखालची उदाहरणे, ठळक छापलेल्या जोड्या आणि शब्दानंतर येणारे शब्दयोगी अव्यय (प्रेपोझिशन) यांवर अधिक वेळ द्यावा.

वहीतली नोंदही त्याच धर्तीची असावी. ‘इश्यू म्हणजे मुद्दा’ या नोंदीचा बी-टूच्या शिकणाऱ्याला काहीच उपयोग नाही, कारण ते त्याला ठाऊकच असते. ‘रेझ ॲन इश्यू’, ‘ॲड्रेस ॲन इश्यू’ आणि ‘रिझॉल्व्ह ॲन इश्यू’ या तीन जोड्या लिहून प्रत्येकीपुढे ‘मुद्दा उपस्थित करणे’, ‘मुद्द्याची दखल घेऊन त्यावर काही करणे’ आणि ‘मुद्दा निकाली काढणे’ असे लिहिले, की एका ओळखीच्या शब्दाची तीन वाक्ये हाती येतात. उजळणी मराठीकडून इंग्रजीकडे करावी. इंग्रजी वाचून अर्थ आठवणे सोपे असते आणि त्यामुळे आपल्याला येते असा भ्रम होतो. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली विस्मरणाचा आलेख मांडल्यापासून हे माहीत आहे की नुकते शिकलेले सर्वाधिक वेगाने पहिल्या काही तासांत व दिवसांत विसरले जाते. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी करावी आणि त्यापुढचे अंतर वाढवत न्यावे. हा हिशेब ‘आंकी’सारखे मोफत सॉफ्टवेअर आपोआप ठेवते, पण कार्डे मात्र स्वतःच लिहावीत.

या साऱ्यापेक्षा मला अधिक मोलाची वाटणारी एक जुनी पद्धत आहे. सोळाव्या शतकात पहिल्या एलिझाबेथचे शिक्षक रॉजर ॲशम यांनी लॅटिनसाठी दुहेरी भाषांतराचा आग्रह धरला होता. आपल्याला ती इंग्रजीसाठी अशी वापरता येते: दीडशे शब्दांचा चांगला इंग्रजी उतारा घ्यावा, त्याचे नीट, ओघवते मराठी करावे, मूळ बाजूला ठेवावे आणि आठवड्याने त्या मराठीवरून पुन्हा इंग्रजी लिहून मुळाशी ताडून पाहावे. व्याकरणाच्या चुका फारशा सापडणार नाहीत, पण मूळ लेखकाने जेथे ‘द प्लॅन फेल थ्रू’ असे लिहिले तेथे आपण ‘द प्लॅन वॉज नॉट सक्सेसफुल’ असे लिहिलेले आढळेल. आपलेही वाक्य चूक नसते, आणि म्हणूनच शिक्षक त्यावर खूण करत नाहीत व ही उणीव वर्षानुवर्षे तशीच राहते. ताडून पाहताना सापडलेले असे फरक हाच वहीत घेण्याचा खरा माल होय.

वाक्प्रचारांच्या बाबतीत पाचशे वाक्प्रचारांच्या याद्या दूर ठेवाव्यात असे माझे स्पष्ट मत आहे. ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्स’ आपल्याकडच्या बहुतेक विद्यार्थ्यांना पाठ असते, पण रोजच्या बोलण्यात इंग्रज माणूस सहसा ‘इट्स पोरिंग’ म्हणतो. चित्रमय वाक्प्रचार ऐकल्यावर समजावेत एवढे पुरे आहे. वापरात आणण्यासाठी आधी डोळ्यांत न भरणारे वाक्प्रचार निवडावेत: ‘इन द लाँग रन’, ‘बाय अँड लार्ज’, ‘अप टु अ पॉइंट’, ‘फॉर द टाइम बीइंग’, ‘टेक समथिंग फॉर ग्रँटेड’. प्रौढ माणसाच्या लेखनात हे सतत येतात, औपचारिक पत्रातही खपतात आणि चुकीच्या जागी पडून हसे होण्याची भीती त्यांत जवळजवळ नसते.

चित्रमय वाक्प्रचार वापरायचाच असेल तर तो किती औपचारिक आहे हे आधी पाहावे. आपल्या पुस्तकांत ‘किक द बकेट’पुढे ‘मरणे’ एवढाच अर्थ असतो. प्रत्यक्षात तो ‘गचकणे’च्या रांगेतला आहे, ‘निधन होणे’च्या नव्हे, आणि शोकसंदेशात तो लिहिणे अक्षम्य ठरेल. दुसरे असे की त्याची रचना गोठलेली आहे: त्याचा कर्मणी प्रयोग केला तर खरोखरच्या बादलीला लाथ बसते. याउलट ‘स्पिल द बीन्स’ (गुपित फोडणे) किंवा ‘पुल स्ट्रिंग्ज’ (वशिला लावणे) यांना थोडा फिरवाफिरवीचा वाव असतो आणि ‘स्ट्रिंग्ज वेअर पुल्ड’ सर्रास लिहिले जाते. कोणता वाक्प्रचार किती वाकतो हे कोशातल्या उदाहरणांवरूनच कळते.

देशही पाहावा लागतो. अमेरिकी कार्यालयांत ‘टच बेस’ (थोडक्यात संपर्क साधणे), ‘बॉलपार्क फिगर’ (ढोबळ आकडा), ‘आउट ऑफ लेफ्ट फील्ड’ (अगदी अनपेक्षितपणे) हे शब्द बेसबॉलमधून आले आहेत आणि तो खेळ न पाहिलेल्या माणसाला ते चित्र दिसत नाही. ब्रिटिश इंग्रजीतले क्रिकेटमधून आलेले ‘ऑन द बॅक फूट’ आपल्याला टीप न देता कळते. पण क्रिकेटचे ज्ञान फसवतेही. ‘नॉक्ड फॉर सिक्स’ ऐकून आपल्या डोळ्यांपुढे टाळ्या वाजवणारे वानखेडे उभे राहते, तर इंग्रजीत तो प्रयोग वाईट बातमीने हादरून गेलेल्या माणसाबद्दल करतात. तेथे बाजू गोलंदाजाची घेतलेली असते.

‘पुट ऑफ’, ‘लुक इन्टू’ यांसारखी जोडक्रियापदे ‘गेट’ची वीस, ‘टेक’ची वीस अशा गठ्ठ्याने शिकू नयेत, कारण दिसायला सारखी रूपे एकाच दिवशी पाठ केली की ती एकमेकांत मिसळतात. प्रत्येक नोंदीत सर्वनामाची जागा मात्र लिहून ठेवावी: ‘पुट इट ऑफ’, पण ‘लुक इन्टू इट’.

भारतीय इंग्रजीतल्या नेहमीच्या प्रयोगांची एक वेगळी लहान यादी करावी. ‘प्रिपोन’, ‘आउट ऑफ स्टेशन’, ‘डू द नीडफुल’ पुण्याच्या कार्यालयात बिनदिक्कत चालतात आणि तेथे ते बदलण्याचे कारण नाही. परंतु लंडनच्या ग्राहकाला ‘आय पास्ड आउट इन २०१५’ असे लिहिले तर तो शुद्ध हरपल्याची हकिगत समजेल. ‘कोप अप विथ’ आणि ‘डिस्कस अबाउट’ यांमधले ‘अप’ आणि ‘अबाउट’ मात्र सगळीकडेच गाळावेत.

वाचनासाठी विषय विखरू नयेत. ज्या विषयाची मराठीतून चांगली माहिती आहे, मग तो शेअर बाजार असो, बागकाम असो की कसोटी क्रिकेट, त्यावरचेच इंग्रजी लेखन महिनाभर वाचावे. तेच शब्द आणि त्याच जोड्या पुन्हापुन्हा समोर येतात आणि आशय ठाऊक असल्यामुळे लक्ष भाषेकडे देता येते. ऐकण्यासाठी बीबीसीची ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ ही मालिका या पातळीला योग्य आहे. आधी लिखित संहितेशिवाय ऐकावे, मगच संहिता उघडावी.

परीक्षा द्यायची असल्यास तिच्या मागण्या लक्षात घेऊन थोडा सराव वेगळा करावा. केंब्रिजच्या बी-टू फर्स्ट परीक्षेत वाचन व भाषावापराच्या प्रश्नपत्रिकेच्या तिसऱ्या भागात एका शब्दापासून दुसरे रूप घडवण्याचे आठ प्रश्न असतात, तर चौथ्या भागात दिलेला शब्द न बदलता तेच म्हणणे दुसऱ्या वाक्यात मांडण्याचे सहा प्रश्न असतात. दुहेरी भाषांतराची सवय असलेल्याला हा चौथा भाग जड जात नाही. परदेशी जाणाऱ्यांना द्यावी लागणाऱ्या आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत लेखन आणि भाषण या दोन्हींत शब्दसंपदेला एक चतुर्थांश गुण आहेत. भाषणाच्या सातव्या बँडच्या, म्हणजे गुणश्रेणीच्या, वर्णनात काही कमी प्रचलित आणि वाक्प्रचारयुक्त शब्द अपेक्षिलेले आहेत आणि त्यांतल्या काहींची निवड चुकली तरी ते खपवून घेतलेले आहे. याचा अर्थ प्रत्येक उत्तरात एक वाक्प्रचार कोंबावा असा शिकवणी वर्गांत बरेचदा लावला जातो. त्याऐवजी स्वतःच्या गावाबद्दल, कामाबद्दल, घरच्या माणसांबद्दल बोलताना आपोआप ओठांवर येतील असे आठ-दहा प्रयोग आधीच मोठ्याने बोलून, ध्वनिमुद्रित करून आणि ऐकून पक्के करावेत, आणि परीक्षकासमोर त्यांतले जे सुचतील तेवढेच वापरावेत.