स्टेजची भीती घालवायची असेल तर आपल्या क्लबात हे करून बघा

जळगाव-भुसावळकडची बरीच पोरं अहिराणीत तासभर गप्पा हाणतात पण माइक हातात आला की गप्प, म्हणून नवीन मेंबरला पहिलं भाषण अहिराणीतच करू द्या, खरंच फरक पडतो. टोस्टमास्टर्सवाल्यांकडे (भाषणाचा सराव करणाऱ्या क्लबांची जगभरची संघटना, 1924 पासून चालूय) पहिलं भाषण स्वतःबद्दल असतं, 4 ते 6 मिनिटं, तोच नियम घ्या. 4 मिनिटांना हिरवं कार्ड, 5 ला पिवळं, 6 ला लाल. सगळं पाठ करू नका, फक्त पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं वाक्य पक्कं करा, मधलं आपोआप येतं.

ऐन वेळी विषय देऊन 1-2 मिनिटं बोलायला लावायचं, हे दर मीटिंगला हवंच.

फीडबॅक देणाऱ्याने आधी नेमकं काय आवडलं ते सांगायचं, नुसतं "छान बोललास" नको, "आजीच्या कळण्याच्या भाकरीचा किस्सा सांगताना थांबलास ना, तिथे सगळे गप्प झाले" असं सांगा, मग सुधारायची एकच गोष्ट.

आणि कोणाचं पहिलं भाषण झालं की सेलिब्रेट कराच! वहीत नाव-तारीख लिहा, उभं राहून टाळ्या, आईवडिलांना बोलवा, हिवाळा असेल तर शेतात भरीत पार्टी, आणि तिथे त्यालाच दोन शब्द बोलायला लावा.