यात्रेच्या हंगामात घोड्यांना औषध देताना घ्यावयाची काळजी

मार्गशीर्षात तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत आणि त्यानंतर लोहा तालुक्यातील माळेगावला खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. दूरवरून ट्रकने आलेले जनावर वाटेत पाणी कमी पिते, थंडीमुळे तहानही मंदावते आणि तळावर पोहोचेपर्यंत ते बरेच कोरडे पडलेले असते. अशा वेळी ते लंगडले किंवा पोटदुखीने लोळू लागले की कोणी तरी वेदनाशामक टोचतो आणि गुण दिसला नाही म्हणून दोन तासांनी दुसरा माणूस वेगळ्या नावाचे औषध टोचतो. आधी काय दिले हे दुसऱ्याला ठाऊक नसते, आणि खरा धोका इथूनच सुरू होतो.

फेनिलब्युटाझोन, फ्लुनिक्सिन आणि मेलोक्सिकॅम यांची नावे वेगळी असली तरी ती एकाच जातीची औषधे आहेत. शरीरात वेदना निर्माण करणारी द्रव्ये ती रोखतात; पण जठराचे व आतड्याचे अस्तर शाबूत ठेवणारी आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवणारी द्रव्येही त्याच वाटेने तयार होत असल्याने तीही कमी होतात. म्हणून यांतील दोन औषधे एकत्र दिल्याने आराम दुप्पट होत नाही, इजा मात्र वाढते, आणि पाणी कमी पडलेल्या घोड्यात ती लवकर होते. तोंडात व्रण, दात खाणे, चंदी सोडणे, पातळ लीद आणि पोटाखाली सूज ही तिची लक्षणे आहेत. जेंटामायसिन हे प्रतिजैविक स्वतःच मूत्रपिंडाला जड असल्याने तहानलेल्या घोड्याला ते वेदनाशामकाच्या जोडीने देणे विशेष घातक ठरते. पहिल्या इंजेक्शनाने पोटदुखी थांबली नाही, तर आतड्याला पीळ पडला असण्याची शक्यता गृहीत धरून पशुवैद्यकाकडून पुन्हा तपासणी करून घ्यावी. वेदना दाबत राहिल्यास शस्त्रक्रियेची वेळ निघून जाते. जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकावर २००६ पासून बंदी आहे आणि माणसांसाठीचेही जनावरांना देण्यास मनाई आहे. ते देऊ नये.

मात्रा अंदाजाने ठरवू नये, कारण लहान चणीच्या तट्टाला मोठ्या घोड्याची मात्रा सर्रास दिली जाते. छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये मोजून त्याचा वर्ग करावा, त्याला खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणावे आणि ११,८८० ने भागावे. घेर १६० आणि लांबी १४५ सेंटीमीटर असेल, तर वजन सुमारे ३१२ किलो भरते.

कोंबड्यांच्या किंवा गुरांच्या खाद्याचे उरलेले पोते घोड्यापुढे रिकामे करण्याची काटकसर फार महाग पडते. अशा खाद्यात मोनेन्सिन हे औषध मिसळलेले असू शकते. कोंबडीला ते शरीराच्या दर किलोमागे सुमारे २०० मिलिग्रॅम झाल्यावर मारक ठरते, तर घोड्याला २ ते ३ मिलिग्रॅमच पुरते. त्याचा हृदयाच्या स्नायूवर घाला पडतो, उतारा नाही आणि घोड्याला उलटी होत नसल्याने खाल्लेले परत निघत नाही. कोंबड्यांना व डुकरांना चालणारे लिंकोमायसिन हे प्रतिजैविकही घोड्याच्या आतड्यातील उपयुक्त जिवाणू मारून जीवघेणी हगवण लावते.

पावसाळ्यात गोमाश्यांमुळे पसरलेल्या सर्रा या रक्तातील परजीवीच्या रोगावर या दिवसांतही क्विनापायरामिन द्यावे लागते. त्यानंतर टोचल्या जागी सूज, लाळ, घाम आणि थरथर दिसू शकते. म्हणून ते पशुवैद्यकाकडूनच घ्यावे आणि घोडा लगेच ट्रकमध्ये चढवू नये. प्रोकेन पेनिसिलिन फक्त स्नायूत द्यायचे असते. ते चुकून शिरेत गेले, तर घोडा काही क्षणांत बेभान होऊन धडका देतो. त्या वेळी त्याला आवळून धरण्याच्या फंदात पडू नये. माणसे दूर करून जागा मोकळी ठेवावी. हा झटका बहुधा काही मिनिटांत ओसरतो, मात्र उन्हात तापलेल्या बाटलीतील औषधाने तो वाढतो, त्यामुळे बाटली थंड जागी ठेवावी. अंगावर गांधी उठून श्वास लागला, तर ती अॅलर्जी असते आणि तिला तातडीचे उपचार लागतात. डेटोमिडिन या गुंगीच्या औषधाचा अंमल असताना ट्रायमेथोप्रिम-सल्फा हे प्रतिजैविक शिरेतून दिल्यास हृदयाचे ठोके बिघडून घोडा जागीच मरू शकतो. म्हणून गुंगीचे इंजेक्शन दिल्याचे पुढच्या डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

औषधाचे नाव, मात्रा, वेळ आणि टोचलेली जागा वहीत लिहावी आणि रिकाम्या बाटल्या जपून ठेवाव्यात. घोडा विकताना ही वही खरेदीदाराला द्यावी. दलालाला हे रुचणार नाही, पण मागून उपचार करणाऱ्याला तिचा फार उपयोग होतो. शंका येताच पुढची मात्रा थांबवावी, स्वच्छ कोमट पाणी पुढे ठेवावे आणि १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला कळवून बाटल्या त्यांच्या हाती द्याव्यात.