कोकणात गाडीतला फ्रिज थंड राहत नाही? या चुका टाळा

गुहागरला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर मुक्काम होता. रात्री साडेअकराला कॅम्परव्हॅनच्या फ्रिजचा लाल दिवा लुकलुकायला लागला. आत दूध, दही आणि संध्याकाळीच घेतलेली कोळंबी. गॅस गेला असणार, असंच मला वाटलं. मल्टिमीटर लावला तर बॅटरीवर १२.५ व्होल्ट आणि कॉम्प्रेसर सुरू होताना फ्रिजच्या प्लगपाशी जेमतेम १०.९! दीड व्होल्टहून जास्त वाटेतच गळत होते. फ्यूजचा होल्डर उघडला. पितळेच्या भांड्यात ताक कळकलं की हिरवा थर धरतो, तसाच थर आतल्या पट्टीवर होता. पॉलिश पेपरने घासला, फ्यूज घट्ट बसवला आणि फ्रिज चालू झाला.

तेव्हापासून कुणी म्हणालं, ‘फ्रिज बिघडला’, की मी आधी वायर तपासायला सांगतो. खारा वारा तांबं-पितळ खातो. किनाऱ्यावर चार दिवस राहणार असाल तर निघण्यापूर्वी सगळी टर्मिनल्स घासून घट्ट करा, वरून पेट्रोलियम जेली लावा.

सगळ्यात मोठी चूक मात्र वायर बसवतानाच होते. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर फ्रिज चालवतात, किंवा घरातली १.५ चौरस मिलिमीटरची वायर मागपर्यंत ओढतात. फ्रिज ५ अँपिअर घेत असेल आणि बॅटरी ५ मीटर लांब असेल, तर जाऊन-येऊन १० मीटर तारेत सुमारे ०.६ व्होल्ट जातात. ६ चौरस मिलिमीटरची वायर टाकली तर ०.१५. घरच्या २३० व्होल्टमध्ये अर्धा व्होल्ट गेला तर कळतही नाही. १२ व्होल्टमध्ये तेवढ्यानेच फ्रिज ‘बॅटरी संपली’ समजून बंद पडतो. म्हणून बॅटरीपासून थेट, स्वतंत्र फ्यूज घालून जाड वायर आणा. व्होल्टेज मोजायचं ते फ्रिजच्या टोकाला आणि कॉम्प्रेसर चालू असतानाच. बंद फ्रिजवर मोजलेला आकडा फसवतो.

बॅटरी ठरावीक व्होल्टेजखाली उतरली की फ्रिज बंद करून ती वाचवणारं कटऑफ सेटिंगही बघा. ‘हाय’ हे गाडीच्या मूळ बॅटरीसाठी आहे, सकाळी इंजिन सुरू व्हावं म्हणून. मागे वेगळी बॅटरी असेल तर ‘मीडियम’वर आणा.

आता मासळी. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी लिलाव लागला की हात आवरत नाही, हे मला मान्य आहे. पण पाच किलो बांगडा-सुरमई तशीच फ्रिजमध्ये कोंबली की गणित कोसळतं. २८ अंशांवरची पाच किलो मासळी ४ अंशांवर आणायला सुमारे १२० वॉट-तास उष्णता काढावी लागते. छोटा कॉम्प्रेसर तेवढ्यासाठी कित्येक तास धापा टाकतो आणि तोवर शेजारचं दूध कोमट होतं. एक किलो बर्फ वितळताना ९० वॉट-तासांहून जास्त उष्णता खातो. तिथल्या एक मावशी मला सरळ म्हणाल्या, “आधी बर्फ घ्या, मग मासे घ्या.” मासळीला बर्फाची वेगळी पेटी ठेवा, खाली पाणी निथळायला जागा ठेवा. फ्रिज दूध, भाजी आणि शिजवलेल्या जेवणासाठी. तो घरीच आदल्या रात्री विजेवर थंड करून घ्या आणि पाण्याच्या बाटल्याही गारच भरा.

घाटावरचा अंदाज खाली चालत नाही. आंबोलीच्या गारव्यात रात्री निवांत बसलेला कॉम्प्रेसर वेंगुर्ल्याला उतरलात की थांबायचं नाव घेत नाही. ५० वॉटचा फ्रिज निम्मा वेळ चालला, तरी दिवसाला ६०० वॉट-तास, म्हणजे १२ व्होल्टवर ५० अँपिअर-तास जातात. १०० अँपिअर-तासाच्या साध्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीतून सुरक्षितपणे वापरायचे तेवढेच असतात. म्हणजे गाडी न हलवता दुसरा दिवस काढायचा असेल तर सोलर हवं, नाहीतर लिथियम.

सोलरचा पेच असा की, गाडी सावलीत लावली तर पॅनेल निजतं, उन्हात लावली तर फ्रिज तापतो. मी घडीचं पॅनेल लांब वायरीने उन्हात ठेवतो आणि गाडी सावलीत. माडाखाली मात्र कधीच लावू नका. शहाळं टपावर पडलं तर पॅनेल जातंच, माणूसही जायचा. पॅनेलवर मिठाचा पांढुरका थर बसतो, तो सकाळी गोड्या पाण्याने पुसा. पावसाळ्यात सोलरच्या भरवशावर राहू नका, रोज थोडी गाडी चालवून बॅटरी भरा.

कॉम्प्रेसरच्या जाळीला टेकून गाद्या आणि पिशव्या रचू नका. गरम हवा बाहेर पडायला वाट हवी. दाराच्या रबरात नोट धरून दार लावा आणि ओढून बघा. सहज निघाली तर तिथून दमट हवा आत शिरते, भिंतीवर बर्फ साचतो आणि गारवा अडतो.

घरी परतल्यावर फ्रिज आतून पुसा, वाळू द्या आणि झाकण बंद न करता फटीत गुंडाळलेला पंचा अडकवून ठेवा. नाहीतर पुढच्या सहलीला उघडाल तेव्हा त्यातून कुबट वासच येईल.