जुन्या डावावर भाष्य कसे लिहावे

भाऊसाहेब पडसलगीकरांनी सांगलीत बुद्धिबळ रुजवले आणि भाग्यश्री साठे-ठिपसे यांच्यासारखी खेळाडू याच गावातून पुढे आली. अशा गावात ऐतिहासिक डावांवर मराठीत लिहिणारे हौशी अभ्यासकही घडायला हवेत, असे मला मनापासून वाटते. त्यासाठी मोठे रेटिंग, म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणारा आकडा, लागत नाही. पट, वही आणि खेळाडूच्या काळात शिरण्याची तयारी एवढे पुरते.

सुरुवातीला एकच डाव निवडावा आणि तो छोटा असावा. मी जॉन कॉक्रेन विरुद्ध महेशचंद्र बॅनर्जी हा १८५५ सालचा डाव सुचवेन. कॉक्रेन हे कलकत्त्यात वकिली करणारे स्कॉटिश खेळाडू होते, तर बॅनर्जी देशी पद्धतीचे बुद्धिबळ खेळून मग युरोपीय नियमांकडे वळले होते. इंग्रजी नोंदींत त्यांचे नाव वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेले आढळते, म्हणून शोध घेताना सगळी रूपे तपासावीत.

डाव प्रथम खेळ्या तपासणारा संगणक बंद ठेवून पटावर मांडावा. (घरांच्या नावांत अक्षर म्हणजे उभा स्तंभ आणि आकडा म्हणजे आडवी रांग; सोंगटीचे नाव नसेल तेथे खेळी प्याद्याची समजावी.) पांढऱ्याने डी-४, सी-४ आणि घोडा सी-३ असे खेळल्यावर काळ्याने घोडा एफ-६, जी-६ आणि डी-५ अशी उत्तरे दिली व पुढे उंट जी-७ वर आणला. आज आपण या मांडणीला ग्रुनफेल्ड बचाव म्हणतो, पण एर्न्स्ट ग्रुनफेल्ड यांनी ती प्रचारात आणली १९२२ मध्ये, म्हणजे या डावानंतर ६७ वर्षांनी. त्यामुळे ‘बॅनर्जींनी ग्रुनफेल्ड बचाव निवडला’ असे लिहिणे चुकीचे ठरेल. देशी खेळात प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर सरकत असे, आणि त्या सवयीत वाढलेल्या खेळाडूला बाजूच्या प्याद्यामागे उंट ठेवणे स्वाभाविक वाटले असावे. हे अनुमान आहे, म्हणून भाष्यात ते अनुमान म्हणूनच मांडावे. खेळाडूला ठाऊक असलेले आणि आपल्याला ठाऊक असलेले यांची सरमिसळ झाली, की भाष्याचे मोल संपते.

यानंतर निर्णायक क्षण शोधावा आणि लेखणी तेथेच थांबवावी. या डावात तो सतराव्या खेळीला येतो. पांढऱ्याचा वजीर बी-३ वर आणि हत्ती बी-५ वर असताना कॉक्रेन एफ-३ वरचा घोडा जी-५ वर नेतात. पुढच्या खेळी कागदाने झाकून, काळ्याच्या जागी आपण काय खेळलो असतो ते कारणांसह वहीत लिहावे. बॅनर्जींनी जी-४ वरच्या उंटाने ई-२ वरचा उंट मारला. त्यामुळे पांढऱ्याचे एफ-१ आणि बी-५ वरचे दोन्ही हत्ती एकाच वेळी माऱ्यात आले. कॉक्रेन यांनी तिकडे लक्ष न देता घोड्याने एफ-७ चे प्यादे मारले. काळ्याने घोडा ए-५ वर आणून वजिरावरही हल्ला चढवला. दोन हत्ती आणि वजीर माऱ्यात असताना पांढऱ्याकडे तीन खेळींत मात तयार होती: घोडा एच-६ वर जाऊन दुहेरी शह (घोडा आणि वजीर दोघांचा एकाच वेळी शह) देतो, राजा एच-८ वर सरकतो, वजीर जी-८ वर बळी देऊन शह देतो, हत्तीला तो मारावाच लागतो आणि घोडा एफ-७ वर परतून मात करतो. राजा एफ-८ वर गेला असता, तर घोड्याचा आधार असलेल्या वजिराने जी-८ वर लगेच मात झाली असती.

भाष्यात येथे ‘सुंदर’ किंवा ‘चूक’ एवढे लिहून भागत नाही. काळ्याची प्रत्येक खेळी काहीतरी मारणारी किंवा मारण्याची धमकी देणारी असूनही ती अपुरी का पडली, हे उलगडावे: दुहेरी शहाला राजा हलवण्याखेरीज उत्तर नसते, त्यामुळे काळ्याच्या सगळ्या धमक्या निरुपयोगी होतात. आरंभीच्या ठरीव खेळींना मात्र दोन ओळी पुरेत.

संगणक सर्वांत शेवटी लावावा. त्याने आपण सुचवलेली खेळ्यांची ओळ खोडून काढली, तर मूळ मत पुसून न टाकता दुरुस्ती त्याच्याशेजारी लिहावी, कारण वाचक दोन्हींवरून शिकतो.

असे दोन-तीन डाव लिहून झाले, की सांगली-मिरजेतील ज्येष्ठ खेळाडूंकडे त्यांच्या जुन्या स्पर्धांचे डावपत्रक, म्हणजे खेळ्यांची नोंद असलेला कागद, मागावे, त्यांच्या परवानगीने त्याची प्रत करावी आणि त्या वेळी मनात काय होते, हे त्यांच्याच शब्दांत भाष्यात नोंदवून घ्यावे.