पुठ्ठ्याचा अर्जुन: आधी आतली माणसं, मग चिलखत

दर उन्हाळ्याच्या सुट्टीत सोलापूरच्या विडी घरकुलातल्या आमच्या ओसरीवर दहा-बारा पोरं जमतात. रणगाडा करायचा असतो. पुठ्ठा हातात पडला की प्रत्येकजण पहिल्यांदा तोफेची नळी गुंडाळायला बसतो. मी तिथंच थांबवतो. फौजेत ई.एम.ई.मध्ये, म्हणजे गाड्या-यंत्रांची दुरुस्ती सांभाळणाऱ्या शाखेत, मी २४ वर्षं काढली, त्यातली बरीचशी टी-७२ या रशियन रणगाड्याच्या पोटात शिरून. तिथं एक गोष्ट अंगात मुरली. रणगाडा आतून बाहेर घडत जातो. आत किती माणसं, ती बसणार की उभी राहणार, हे ठरलं की बाकीचं सगळं त्यामागून येतं. म्हणून आपली पहिली वस्तू नळी नाही, माणूस.

आपण अर्जुन करणार आहोत, आपल्याच देशात घडलेला रणगाडा. याच्या प्रकल्पाला १९७४ मध्ये मंजुरी मिळाली, चेन्नईजवळच्या आवडीत तो घडला, आणि मागवलेल्या १२४ गाड्यांपैकी पहिल्या काही फौजेला मिळायला २००४ उजाडलं. तीस वर्षं! या काळावरून लोक नावं ठेवतात. मला मात्र त्यात एक मोठी शाळा दिसते, कारण इंजिन, तोफ, चिलखत, नेमबाजीची यंत्रणा हे सगळं एका खोक्यात एकमेकांना न अडवता बसवायचं म्हणजे काय, ते आपल्या देशाला तिथं शिकावं लागलं.

साहित्य साधंच. सुताचे कोन ज्या खोक्यांत येतात त्यांचा तीन मिलिमीटरचा पुठ्ठा. सोलापूरच्या पूर्व भागात कुठल्याही कारखान्यात मागितला तर मिळतो. फेव्हिकॉल, एम-सील, कटर, लाकडी पट्ट्या, बाटल्यांची २८ झाकणं, सायकलचे १४ जुने स्पोक, सायकलची एक फाटकी ट्यूब, संपलेल्या पेनांच्या रिफिली, दोन किलो वाळू.

प्रमाण १:२० धरा. अर्जुन मार्क-१ तोफ पुढे धरून १०.६४ मीटर लांब, ३.८६ मीटर रुंद आणि २.३२ मीटर उंच आहे. म्हणजे आपला ५३ सेंटिमीटर लांब, १९.३ रुंद, ११.६ उंच. पाच फूट सात इंचांचा जवान या हिशेबात साडेआठ सेंटिमीटरचा होतो. असे चार जवान पुठ्ठ्यातून कापा आणि गुडघे, कंबर वाकतील अशा चिरा द्या. एक ड्रायव्हर, तो पुढे खाली, मागे रेलून बसतो. एक कमांडर, एक गनर, दोघं बुरुजात, म्हणजे तोफेच्या फिरत्या वरच्या भागात, बसलेले. चौथा लोडर, आणि सगळी गोम त्याच्यात आहे. तोफेत गोळा हातानं भरायचा तर त्याला उभं राहायला जागा लागते.

आता वजाबाकी करा. जमिनीपासून पोट ४५ सेंटिमीटर वर, म्हणजे आपल्याकडे सव्वादोन. ११.६ मधून ते गेले, तळ आणि छत यांचे तीन-तीन मिलिमीटर गेले. उरले पावणेनऊ. साडेआठचा लोडर त्यात उभा करून बघा. डोक्यावर जेमतेम अडीच मिलिमीटर जागा. रणगाड्याची उंची कुठून येते हे पोरांना इथं एका क्षणात कळतं, आणि हा क्षण मला दरवर्षी तेवढाच आवडतो.

टी-७२ मध्ये रशियनांनी याचं उत्तर वेगळं काढलं. लोडरच काढून टाकला. तोफेखाली फिरती चकती, तिच्यात २२ गोळे, यंत्र उचलून भरतं. तीनच माणसं, म्हणून चिलखताखाली झाकायची जागा कमी, म्हणून गाडी ४० टनांच्या थोडी वर. अर्जुन साडेअठ्ठावन्न टन. पण त्या बचतीची किंमत असते. ते गोळे माणसांच्या अगदी बुडाखाली असतात. १९९१ च्या आखाती युद्धात इराकी टी-७२ पेटले तेव्हा आतला दारूगोळा उडून अख्खे बुरुज बाजूला जाऊन पडले. अमेरिकी अब्राम्सनं गोळे बुरुजाच्या मागच्या पेटीत, जाड दारामागे ठेवले. पेटी पेटली तर वरची झाकणं उडतात आणि आग आकाशाकडे जाते, माणसांकडे येत नाही. तुम्हीही बुरुज कापताना मागे एक वेगळा कप्पा ठेवा आणि मधे पुठ्ठ्याचा पडदा लावा.

आता खालचं खोकं. समोरची पाटी तिरकी लावायची असते. का, ते आधी हातानं बघा. पुठ्ठ्याची एक पट्टी उभी धरा आणि कडेनं जाडी मोजा: तीन मिलिमीटर. ती उभ्या रेषेपासून ६० अंश कलवा आणि आता आडवी सरळ मोजा. सहा. बरेच जण इथंच खूश होतात, फुकटात दुप्पट जाडी मिळाली म्हणून. फुकट काहीच मिळालेलं नाही. तेवढीच उंची झाकायला आता पट्टी दुप्पट लांब लागते, म्हणजे वजन होतं तेवढंच. खरा फायदा असा की येणारा गोळा घसरतो, वाकतो, कधी मोडतो. आजचे लांब सळईसारखे बाण तेवढ्यानं घसरत नाहीत, म्हणून पोलादाच्या थरांमध्ये सिरॅमिकसारखे वेगळे पदार्थ भरतात. आपल्या अशा चिलखताचं नाव कांचन, ते हैदराबादच्या कांचनबागेतल्या प्रयोगशाळेत तयार झालं. अर्जुनच्या बुरुजाचा चेहरा भिंतीसारखा सपाट दिसतो तो यामुळेच, तिथं तिरकेपणापेक्षा थरांवर भिस्त आहे. मॉडेलमध्ये समोर पुठ्ठ्याचे पाच थर लावा, बाजूला दोन, मागे एक. सगळीकडे पाच लावायचा मोह होईल. लावून बघा, आणि मग उचलून बघा.

चाकं आणि पट्टा यांना मात्र दोन दिवस द्या, घाई नको.

आपल्याकडची काळी माती पावसात काय करते ते कुणाला सांगायला नको. उसाची ट्रॉली रुतली की जेसीबी बोलवावा लागतो. मालट्रकच्या टायरमध्ये साधारण सात किलो प्रति चौरस सेंटिमीटर हवा असते आणि टायर जमिनीला जवळजवळ तेवढ्याच जोरानं दाबतो. साडेअठ्ठावन्न टनांच्या अर्जुनचा सरासरी दाब ०.८४ किलो! भागाकार करून बघा. दोन्ही पट्टे मिळून सुमारे सात चौरस मीटर जमिनीवर टेकतात, दहा बाय साडेसात फुटांच्या खोलीएवढे. पण ही सरासरी झाली. खरा जोर चाकांच्या खाली जास्त असतो, मधल्या फटींत कमी. चाकं जितकी जास्त आणि जवळजवळ, तितका भार सारखा वाटला जातो. अर्जुनला एका बाजूला सात चाकं आहेत, टी-७२ ला सहा.

प्रत्येक चाक जोडीचं असतं, मधल्या खाचेतून पट्ट्याचे दात जातात म्हणजे तो कडेला सरकत नाही. म्हणून झाकणं २८. एका स्पोकला दोन झाकणं, तोंडं बाहेर, मधे दोन मिलिमीटरची फट.

स्पोक असा वाकवा. एक टोक खोक्याच्या पलीकडच्या भिंतीवर आतून लावलेल्या लाकडी पट्टीत रोवून एम-सीलनं पक्कं करा. स्पोक तळावरून आडवा येऊ द्या आणि अलीकडच्या भिंतीतून रिफिलच्या नळीतून बाहेर काढा, नळीत तो मोकळा फिरला पाहिजे. बाहेर आल्यावर काटकोनात मागे तीन सेंटिमीटर वळवा, मग पुन्हा काटकोनात बाहेर. शेवटी झाकणं. असे सात या बाजूनं, सात त्या बाजूनं. डावे-उजवे स्पोक एकाच रेषेत बसत नाहीत, शेजारी-शेजारी ठेवावे लागतात, त्यामुळे एका बाजूची चाकं दुसरीपेक्षा किंचित पुढे येतात. ही तुमची चूक नाही. टॉर्शन बारच्या, म्हणजे अशाच पिळल्या जाणाऱ्या सळयांवर चाकं पेलणाऱ्या, खऱ्या रणगाड्यांतही असंच दिसतं.

तळाशी वाळूची पिशवी ठेवा, नाहीतर स्पोक हलणारच नाहीत. आता एका चाकाखाली खडा सरकवा. चाक वर जातं, स्पोक पिळला जातो, खडा काढला की परत येतो. ओली चादर दोघांनी दोन टोकांना धरून पिळली आणि एकानं हात सोडला की ती कशी उलटी गरकन फिरते, तेच हे.

आता लोडरला पुन्हा आत उभा करा. उभा राहत नाही! स्पोकनी आणि त्यांच्यावर घातलेल्या फळीनं अर्धा सेंटिमीटर खाल्ला, डोकं छताला लागलं. खऱ्या अर्जुनमध्ये हे स्पोक नाहीतच. तिथं प्रत्येक चाकाला खोक्याच्या बाहेरच, दाबलेल्या वायूचा आणि तेलाचा स्वतंत्र झटकाशोषक आहे, तळ मोकळा राहतो. तो पुठ्ठ्यात करता येत नाही, म्हणून आपण स्पोक वापरले आणि त्याची किंमत मोजली. आता दोनच वाटा आहेत. छत पाच मिलिमीटर वर घ्या आणि त्याबरोबर बुरुजाच्या चारी भिंतीही उंच करा, म्हणजे वजन वाढवा. किंवा लोडर काढा आणि टी-७२ वाल्यांसारखी चकती बसवा. पोरांना मी हा निर्णय स्वतः घ्यायला लावतो. गेल्या वर्षी दोन गट पडले, जेवायची वेळ झाली तरी भांडण मिटेना. एका मुलीनं खोकं खाली घेऊन पोट जमिनीच्या जवळ आणलं, मग तिची गाडी पहिल्याच दगडावर पोट टेकून अडकली. तिनं न सांगता पुन्हा सगळं खोललं. अशी पोरं बघितली की बरं वाटतं.

ट्यूबची तीन सेंटिमीटर रुंद पट्टी कापून पट्टा करा. फार ढिला ठेवलात तर वळताना उतरतो. राजस्थानच्या वाळूत भर दुपारी आमच्या गाडीचा पट्टा असाच उतरला होता. ताण बघायचा राहिला होता, आणि बघायचं काम माझं होतं. तो पुन्हा चढवताना हाताची सालं निघाली. तेव्हापासून ताण बघितल्याशिवाय मी गाडी हलू दिली नाही.

नळी आता करा. पोरं यंत्रमागाची लाकडी कांडी आणतात, दिसते छान, पण तिचा निमुळतेपणा चुकीचा आहे. विणायच्या सुईवर वर्तमानपत्र गुंडाळा. १२० मिलिमीटरची तोफ म्हणजे आतलं भोक सहा मिलिमीटर. नळीवर मधेच एक फुगवटा असतो, तो शोभेचा नाही. गोळा सुटल्यावर त्यात साठलेला दाब धूर पुढे ओढून बाहेर फेकतो, नाहीतर तो बुरुजात येऊन माणसांना गुदमरवेल. आणि नळीवर जे आवरण दिसतं ते उन्हासाठी. सोलापूरच्या मे महिन्यात पत्र्याचं दार एका बाजूनं तापून कसं फुगतं आणि लागेनासं होतं? नळीही तशीच एका बाजूनं तापली की केसभर वाकते, आणि दोन किलोमीटरवर केसभराचा फरक म्हणजे नेम गेला.

धावत्या गाडीतून नेम लागतो कसा, हे पोरं हमखास विचारतात. मी त्यांना गड्ड्याची आठवण देतो. सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज पेलणारा गर्दीतून चालतो, त्याचे पाय, कंबर सतत हलत असतात, पण वरचं टोक सरळ राहतं, कारण काठी कलायच्या आत त्याच्या हाताला कळतं. तोफेत हे काम जायरोस्कोप, म्हणजे कल ओळखणारं यंत्र, आणि मोटारी करतात. गाडी वर उसळली की तोफ तेवढीच खाली येते.

जमलं तर रंग देण्याआधी एकदा अहिल्यानगरला जाऊन या, टेंभुर्णी-करमाळ्यावरून रस्ता आहे. तिथं आर्मर्ड कोअरचं रणगाड्यांचं संग्रहालय आहे. सेंच्युरियन, विजयंता, १९६५ च्या लढाईतले पॅटन शेजारी-शेजारी बघायला मिळतात. फोटो काढत बसू नका. खाली बसा, चाकं मोजा, समोरच्या पाटीचा कल हातानं अजमावा, मग बुरुजाचं छत बघून आत माणूस कसा बसला असेल याचा अंदाज घ्या.

परत आलात की रंग द्या, पण बुरुजाचं छत चिकटवू नका. नुसतं ठेवा. कुणी बघायला आलं की ते उचलून आतले चौघं दाखवा, लोडर काढला असेल तर तिघं.