तेगुक इल जांग सुधारायचा, तर आधी पाय

तेगुक इल जांग हा तायक्वांदोच्या तेगुक मालिकेतला पहिला पूमसे, म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचालींचा फॉर्म. त्याच्या १८ हालचाली बहुतेक मुलं पंधरा-वीस दिवसांत पाठ करतात आणि लगेच पुढच्या पूमसेकडे वळतात. पण पाठ होणं वेगळं, अंगात बसणं वेगळं. वर्ल्ड तायक्वांदो या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धा-नियमांत १० पैकी ४ गुण अचूकतेचे आणि ६ सादरीकरणाचे असतात. छोट्या चुकीला ०.१ कापतात, मोठ्या चुकीला ०.३. यातले बरेचसे गुण पायांमुळे जातात, आणि सराव मात्र हातांचाच जास्त होतो.

या फॉर्ममध्ये उभं राहण्याच्या दोन पद्धती आहेत: १२ हालचाली आप सोगीत, ६ आप कुबीत. आप सोगी म्हणजे चालता चालता थांबल्यावर पाय पडतात तसं उभं राहणं: पुढच्या-मागच्या पावलांच्या मधे एका तळपायाच्या लांबीची जागा, गुडघे सैल पण वाकलेले नाहीत, वजन दोन्ही पायांवर. आप कुबी लांब, मागच्या टाचेपासून पुढच्या अंगठ्यापर्यंत स्वतःच्या तळपायाच्या चार ते साडेचार पट अंतर. पावलांमध्ये आडवं एका मुठीचं अंतर. खाली पाहिलं की पुढचा गुडघा आणि अंगठ्याचं टोक एका रेषेत दिसायला हवं. साधारण दोन तृतीयांश वजन पुढे, मागचा पाय सरळ.

फरशीवर खडूने या दोन्ही लांब्या आखून घ्या आणि आठवडाभर हात कमरेवर ठेवून फक्त पायांनी फॉर्म करा. कंटाळवाणं आहे, पण याच्याइतका फायदा दुसऱ्या कशाने होत नाही.

आप कुबीत मागची टाच उचलली जाते, तेव्हा शिक्षक "टाच खाली!" म्हणून ओरडतात आणि विद्यार्थी ती दाबून धरतो. मूळ कारण बहुधा वेगळंच असतं. एक तर पाऊल गरजेपेक्षा लांब पडलेलं असतं, नाही तर पोटरी आखडलेली असते. आधी अर्धं पाऊल कमी करून पाहा. टाच टेकली तर दोष लांबीचा. नाही टेकली, तर रोज पोटरीचं स्ट्रेचिंग करा. मागचं पाऊल ३० अंशांपेक्षा जास्त बाहेर वळलं, तर त्या बाजूची कंबर मागे राहते आणि पंच तिरका जातो.

आता वळण. दुसऱ्या हालचालीत उजवा पाय पुढे टाकून पंच होतो आणि तिथून १८० अंश वळून आरे माक्की (खालच्या बाजूचा ब्लॉक) घ्यायची असते. इथे तीन गोष्टी बिघडतात: नजर उशिरा वळते, अंग वर उसळतं आणि पाय घसटत येतो. क्रम असा ठेवा. आधी मान वळवून पाहा. मग डाव्या पायाच्या चवड्यावर फिरा, टाच अगदी जराशी सुटली पाहिजे. उजवा पाय नव्या दिशेत टेकतो त्याच क्षणी ब्लॉक संपला पाहिजे. पाय आधी आणि हात मागून आला, तर ताकद पायातच संपलेली असते. पाचव्या हालचालीत आप सोगीतून आप कुबीत जाताना अंग खाली येतंच; ते पाऊल टाकतानाच यावं, पाऊल टेकल्यावर गुडघा वाकवून नव्हे.

आरे माक्कीची मूठ विरुद्ध खांद्यापासून निघते, हाताची आतली बाजू चेहऱ्याकडे. ती मांडीपासून साधारण दोन मुठी अंतरावर थांबते. मनगट शेवटच्या वितीत फिरवा. सुरुवातीलाच फिरवलं, तर हात नुसता पडल्यासारखा दिसतो. मोमतोंग जिरुगी (धडाच्या उंचीचा पंच) बरगड्यांखालच्या खड्ड्याच्या उंचीवर, स्वतःच्या मध्यरेषेवर थांबते. दुसरी मूठ तेवढ्याच वेगाने कमरेला परत यायला हवी, कारण कमरेचा झटका तिथूनच मिळतो.

चौदाव्या आणि सोळाव्या हालचालीत आप चागी (समोरची लाथ) आहे. "गुडघा, लाथ, गुडघा, पाय" असे चार अंक मोजत सराव करा. तिसरा अंक गिळला की पाय पुढे कोसळतो, आप सोगी लांब होते आणि पंच तोल सावरण्यातच उशिरा निघतो. भिंतीला एक हात लावून प्रत्येक पायाने अशा दहा लाथा संथपणे मारा, तिसऱ्या अंकाला दोन सेकंद थांबून.

फोन नाभीच्या उंचीला ठेवून समोरून एकदा आणि बाजूने एकदा चित्रण करा. बाजूच्या चित्रणात फक्त डोक्याकडे पाहा. ओळीने आप सोगीत चालताना डोकं वरखाली होत असेल, तर तुम्ही चवड्यांवर उचलून चालता आहात.