ओपीपी टेबलमध्ये हार्डवेअर व्हर्जन लिहिताना या चुका टाळा

बोर्ड सुरू होतो, लिनक्स बूट होतं, पण सीपीयू ८०० मेगाहर्ट्झच्या वर जातच नाही. खोक्यावर तर १ गिगाहर्ट्झ छापलेलं असतं. कधी उलटही घडतं. एक बोर्ड १ गिगाहर्ट्झवर दिवसभर चालतो आणि तीच डिव्हाइस ट्री (बोर्डावर काय काय आहे ते लिनक्सला सांगणारी फाइल) घातलेला दुसरा बोर्ड तासाभरात गोठतो. अशा वेळी मी सगळ्यात आधी डिव्हाइस ट्रीतल्या ओपीपी नोडमधली, म्हणजे ओपीपीच्या नोंदीतली, एकच ओळ बघतो: ‘ओपीपी-सपोर्टेड-एचडब्ल्यू’.

ओपीपी (ऑपरेटिंग परफॉर्मन्स पॉइंट) म्हणजे फ्रिक्वेन्सी आणि तिला लागणारं व्होल्टेज यांची जोडी. एकाच नावाच्या चिपच्या अनेक आवृत्त्या निघतात. शिवाय कुठली चिप किती वेग झेलेल, हे कारखान्यातल्या चाचणीनंतर तिच्या ई-फ्यूजमध्ये (चिपमधल्या, एकदाच लिहिता येणाऱ्या बिटांमध्ये) कायमचं नोंदवलेलं असतं. अशा जोड्यांचं टेबल सगळ्यांसाठी एकच ठेवायचं आणि कुठली नोंद कुठल्या चिपला लागू, ते ‘ओपीपी-सपोर्टेड-एचडब्ल्यू’ या प्रॉपर्टीने सांगायचं, अशी ही सोय आहे.

आकडा म्हणजे आवृत्ती, असं समजणं

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक हीच. इथे लिहिलेला आकडा हा मास्क असतो, त्यातला एकेक बिट म्हणजे एकेक आवृत्ती. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एएम३३५एक्स या चिपचं टेबल घ्या. प्रत्येक नोंदीत दोन आकडे आहेत, पहिला सिलिकॉनच्या आवृत्तीचा आणि दुसरा ई-फ्यूजचा. पहिल्यात शून्यावा बिट १.० साठी, पुढचा २.० साठी, त्यापुढचा २.१ साठी. म्हणून ६, म्हणजे बायनरी ११०, याचा अर्थ ‘२.० आणि २.१’. ६०० मेगाहर्ट्झला १.१ व्होल्ट देणारी नोंद या दोघींना चालते. १ गिगाहर्ट्झला १.३२५ व्होल्ट देणाऱ्या नोंदीत मात्र पहिला आकडा ४ आहे, म्हणजे फक्त २.१.

‘२.० आणि त्यापुढच्या सगळ्या’ असं मनात धरून कुणी २ लिहिलं, तर २.१ ची चिप गुपचूप बाहेर पडते. ‘यापुढच्या सगळ्या’ असं म्हणायची सोयच इथे नाही. प्रत्येक बिट स्वतः लावावा लागतो. बत्तीसच्या बत्तीस बिट १ केले की ‘सगळ्या आवृत्त्या’ होतात खऱ्या, पण अजून न निघालेल्या सिलिकॉनचीही हमी आपण देऊन बसतो. उलट एखाद्या पातळीवर, म्हणजे नोंदीतल्या एखाद्या आकड्याच्या जागी, शून्य पडलं, तर ती नोंद कुठल्याच चिपला मिळत नाही.

हीच चिप असलेल्या बीगलबोन ब्लॅक या बोर्डाच्या फाइलमध्ये हीच १ गिगाहर्ट्झची नोंद बदलून २.० लाही खुली केली आहे. सोबत टिप्पणी आहे: २.० ची प्रत्येक चिप १ गिगाहर्ट्झ झेलेलच असं नाही, पण या बोर्डाच्या सुरुवातीच्या काही नगांवर २.० चं असं सिलिकॉन आहे की ज्याला १ गिगाहर्ट्झची हमी आहे. चिपची सामाईक फाइल सावध राहते, सूट बोर्डाच्या फाइलमध्ये मिळते आणि सूट का, तेही तिथेच वाचायला मिळतं. ती टिप्पणी नसती, तर पुढच्या माणसाने हा बदल चूक समजून काढून टाकला असता.

रजिस्टरमधली किंमत तशीच उतरवणं

एएम३३५एक्सच्या ई-फ्यूजमधले बिट ‘हा वेग बंद’ असं सांगतात. लिनक्समधला ड्रायव्हर ते उलटे करतो आणि मग मास्कशी ताडून पाहतो. ई-फ्यूजचं रजिस्टर वाचून तीच किंमत टेबलात लिहिली, तर अर्थ नेमका उलटा होतो. ई-फ्यूजमध्ये शून्य मिळालं, तर ड्रायव्हर ८०० मेगाहर्ट्झची राखीव किंमत धरतो. म्हणून दस्तऐवजात ‘ई-फ्यूजची किंमत’ एवढंच लिहून भागत नाही. किंमत उलटवण्याआधीची की नंतरची, हे लिहायलाच हवं.

एखादी नोंद रिकामी सोडणं

‘ही फ्रिक्वेन्सी सगळ्यांनाच चालते, मग प्रॉपर्टी कशाला?’ हा विचार सहज येतो, पण कर्नल (लिनक्सचा गाभा) तसं मानत नाही. ड्रायव्हरने कर्नलला चिपची आवृत्ती कळवली आणि नोंदीत प्रॉपर्टीच नाही, तर ती नोंद एरर देऊन नाकारली जाते. प्रॉपर्टी आहे पण ड्रायव्हरने आवृत्ती कळवलीच नाही, तरी नोंद नाकारलीच जाते, कारण खात्री करायला काही आधार उरत नाही. सगळ्याच नोंदी अशा गळाल्या, तर लॉगमध्ये ‘नो सपोर्टेड ओपीपीज’ दिसतं.

कंसांवर विश्वास ठेवणं

आय.एमएक्स ८एम मिनी या चिपच्या टेबलात दोन आकडे वेगवेगळ्या कोनी कंसांत, मधे स्वल्पविराम देऊन लिहिले आहेत: पहिला स्पीड ग्रेड (चिपचा वेगाचा दर्जा), दुसरा मार्केट सेगमेंट (चिप कुठल्या बाजारासाठी). कंपाइल झाल्यावर कंस उरत नाहीत, आकड्यांची एकच रांग राहते. तिचे गट किती आकड्यांचे, ते ड्रायव्हरने कळवलेल्या पातळ्यांवरून ठरतं. एका नोंदीत असे अनेक गटही देता येतात. एका गटातल्या सगळ्या पातळ्या जुळल्या की नोंद चालते. एकूण आकड्यांना पातळ्यांच्या संख्येने पूर्ण भाग जात नसेल, तर नोंद बाद.

अर्थ फक्त ड्रायव्हरमध्ये ठेवणं

सामाईक बाइंडिंग (डिव्हाइस ट्रीत काय, कसं लिहायचं ते सांगणारा दस्तऐवज) फक्त नियम सांगतं, बिटांचे अर्थ प्रत्येक चिपच्या बाइंडिंगने सांगायचे असतात. क्वालकॉमच्या क्रायो सीपीयूच्या बाइंडिंगमध्ये ते नीट केलेलं आहे: एमएसएम८९९६ या चिपसाठी बिट ० म्हणजे स्पीडबिन (वेगानुसार पाडलेला गट) ०, बिट १ म्हणजे स्पीडबिन १, असं ३ पर्यंत, आणि उरलेले बिट वापरात नाहीत. वापरात नसलेले बिटही लिहून ठेवले आहेत, हे मला फार मोलाचं वाटतं. उद्या नवा बिन आला तर जागा कुठे आहे, ते शोधत बसावं लागत नाही.

अडलात तर

सीपीयूफ्रीकच्या, म्हणजे सीपीयूचा वेग सांभाळणाऱ्या लिनक्सच्या यंत्रणेच्या, ‘स्केलिंग-अव्हेलेबल-फ्रिक्वेन्सीज’ या फाइलमध्ये काय उरलंय ते आधी बघा, मग डीबगएफएसमधली (कर्नलची आतली माहिती दाखवणाऱ्या फाइल सिस्टममधली) ओपीपीची डिरेक्टरी. मास्क न जुळल्याने नोंद नाकारली, हा संदेश डीबग पातळीवर असतो. डायनॅमिक डीबग (असे संदेश दाखवायची कर्नलची सोय) चालू केल्याशिवाय तो दिसत नाही आणि ‘लॉग तर स्वच्छ आहे’ म्हणून माणूस भलतीकडेच शोधत राहतो. संदेशात नोडचं नाव मिळालं की त्याचा मास्क आणि ड्रायव्हरने कळवलेली किंमत कागदावर बायनरीत एकाखाली एक मांडा. ज्या पातळीवर दोघांत एकही १ सामाईक नाही, चूक त्याच पातळीवर आहे.